पंतोजींची नजर बदलली काय?

(अंबरनाथ तालुक्यातील एका गावी शाळेच्या पटांगणात भरलेल्या पालकांच्या सभेत केलेले भाषण.)



गुरुजी बोलावयास उभे राहिले म्हणजे पालकांनी मान खाली घालून चार शब्द ऐकून घ्यावयाचे, असा सगळीकडचा रिवाज आहे. मुले वेळेवर धाडा, घरी अभ्यासास बसवा, हातात मोबाईल देऊ नका, लग्नकार्यासाठी आठ-आठ दिवस शाळा बुडवू नका. हे भाषण आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, आम्ही आजारी पडलो तर आपल्यापैकी कोणीही उभे राहून ते करू शकेल. आज ते होणार नाही. आज पिंजऱ्यात पालक नसून शिक्षक आहे. शिक्षक आपल्या मुलांकडे कोणत्या नजरेने पाहतो, त्या नजरेचे मुलांवर काय होते, यासंबंधी पूर्वीच्या लोकांनी शोध करून काही गोष्टी लिहून ठेविल्या आहेत. त्या आजही खऱ्या आहेत की काळाबरोबर जुन्या झाल्या, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे. आणि शिक्षक म्हणून जो तपासावयाचा, तो दूरचा कोणी नको, आम्हीच पुरे.

या विषयाची आमच्या मुलखातील पहिली मोठी तपासणी कोणी केली म्हणाल तर ती जोतीराव फुल्यांनी केली. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचे कमिशन नेमले. त्यापुढे जोतीरावांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपले निवेदन धाडले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढल्यापासून शाळेची आतली-बाहेरची बाजू पाहिलेला हा माणूस. त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस सक्तीचे शिक्षण मागितले, शेतकऱ्यांकडून घेतलेला पैसा शेतकऱ्यांच्या मुलांच्या शाळांवर खर्च होत नाही हे दाखविले, आणि त्यानंतर ते शिक्षकाकडे वळले. त्या वेळचे बहुतेक पंतोजी ब्राह्मण होते. जोतीरावांचे म्हणणे थोडक्यात असे की, हा पंतोजी सोवळ्याच्या समजुतीमुळे मुलांपासून दूर राहतो, त्यांच्यात मिसळत नाही, म्हणून त्यास त्यांच्या गरजा कळत नाहीत. यास्तव शिक्षक शेतकरीवर्गातूनच तयार करावे. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची ज्यांस लाज वाटणार नाही, असे असावे. आणि त्यांस बारा रुपयांहून कमी पगार असू नये.

या निवेदनास कोणी संशोधन म्हणत नाही. त्यात कोष्टके नाहीत, टक्केवारी नाही. पण नीट पाहा: दुखणे कोणते, त्याचे कारण कोणते आणि औषध कोणते, हे तिन्ही त्यात सांगितले आहे. दुखणे म्हणजे शिक्षकाचे दूर राहणे. कारण म्हणजे त्याची जात व तिचे सोवळे. औषध म्हणजे शिक्षक बहुजनांतला असणे. आज एकशेचाळीस वर्षांवर काळ गेला. या तिन्हींपैकी काय टिकले, ते आता पाहू.

पण त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आमच्याच लोकांचा गैरसमज होतो. जोतीरावांनी एका जातीची सारी माणसे वाईट असा हिशेब केव्हाही मांडला नव्हता. त्यांच्या शाळांच्या कामात सदाशिव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे ब्राह्मण मित्र खांद्यास खांदा लावून उभे होते. बाबासाहेब आंबेडकरांस साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसावे लागले, पाण्याच्या भांड्यास हात लावता येत नव्हता. आणि त्याच शाळेत मधल्या सुटीत आपल्या डब्यातील भाकरी-भाजी त्यांस देणारे गुरुजीही होते. एक नजर दूर ठेवणारी आणि एक जवळ बोलावणारी, दोन्ही एकाच आवारात. खुद्द जोतीरावांचे बालपण घ्या. दुकानातील कारकुनाच्या सांगण्यावरून त्यांचे वडील गोविंदराव यांनी त्यांस शाळेतून काढून मळ्यात लावले होते. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनी तो मुलगा जवळून पाहिला होता. त्यांनी बापाची समजूत घातली, म्हणून १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. दोघेही त्यांचे शिक्षक नव्हते. त्यांनी केले एवढेच की, मुलाकडे नीट पाहिले.

आता आजच्या शाळेत चला. जोतीरावांचे औषध आमच्या मुलखाने घेतले, हे कबूल केले पाहिजे. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभी केली. स्वराज्य आले, राखीव जागा आल्या. आज जिल्हा परिषदेच्या शाळांतील गुरुजी व बाई पाहा: कुणबी, आगरी, माळी, मराठा, महार, वंजारी, ठाकूर, सगळे आहेत. भिंतीवर जोतीरावांची व सावित्रीबाईंची तसबीर आहे. तीन जानेवारीस हार घातला जातो, भाषणे होतात, आम्हीही करतो. जो शिक्षक जोतीरावांनी मागितला होता तो आला. मग मुलापासूनचे ते दूरपण गेले काय?

आम्ही स्वतःवरून सांगतो. आम्ही शेतकऱ्याच्या घरातले. घरी आम्ही 'पानी' म्हणत होतो, 'मना नाय ठाव' म्हणत होतो. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली आणि 'पानी'चे 'पाणी' झाले. ते होणे वाईट नव्हते. पुस्तकाची भाषा यावयासच हवी. वाईट हे झाले की, त्यानंतर वर्गात एखादे पोर 'पानी' म्हणाले की आमच्याच ओठांवर हसू येऊ लागले. ज्या हसण्याने आमच्या बापाने तिसरीत शाळा सोडली, ते हसू दोन वर्षांत आमच्या तोंडी येऊन बसले, आणि आम्हांस त्याचा पत्ताही लागला नाही. त्या विद्यालयात आम्हांस पाठ कसा घ्यावा, फळा कसा लिहावा, टाचण कसे काढावे हे सर्व शिकविले. मुलाच्या घरी जाऊन ओट्यावर कसे बसावे, हे कोणी शिकविले नाही. आणि जे जन्मतः येत होते ते आम्ही विसरून बाहेर पडलो.

दुसरी कबुली याहून जड आहे. आम्ही गावात राहत नाही. बदलापुरास राहतो, सकाळी दुचाकीवरून येतो, सायंकाळी जातो. आमचा स्वतःचा मुलगा आम्ही इंग्रजी शाळेत घातला आहे. तुमच्या मुलांस जी शाळा आम्ही चांगली म्हणून सांगतो, तिच्यात आमचे मूल नाही. याची कारणे विचाराल तर आमच्यापाशी पुष्कळ आहेत, आणि ती रात्री झोप येण्यापुरती पुरतात. सोवळ्याच्या जागी आता दुसरी अंतरे आली आहेत. त्यांस विटाळ म्हणत नाहीत, एवढाच फरक.

आता एका मुलाची हकीकत सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वीची आहे. नाव सांगत नाही; कातकरी वाडीवरचा, चौथीतला मुलगा. खैराचा काथ काढणारे म्हणून हे लोक कातकरी. जंगल हातचे गेले आणि काथ गेला. आता बहुतेकांच्या नशिबी वीटभट्टी. दिवाळी झाली की उचल घेतलेल्या मालकाच्या भट्टीवर बिऱ्हाड जाते, ते पावसाच्या तोंडावर परत येते. हा मुलगाही जूनपासून दिवाळीपर्यंत शाळेत, पुढे भट्टीवर. आमच्या दप्तरी त्याच्या नावापुढे 'अप्रगत' असा शेरा होता: वाचताना अडखळतो, भागाकार येत नाही.

भागाकार येत नव्हता हे खरे. पण आम्ही तो त्यास शिकविलाच नव्हता, हे अधिक खरे. हा दिवाळीनंतर जाणार, मग याच्यावर वेळ कशास घालवा, असा हिशेब आम्ही मनात करून ठेविला होता. बोलून दाखविला नाही. पण मुलास कळण्यासाठी बोलावे लागत नाही. तो शेवटच्या रांगेत बसत असे. तेथे बैस असे त्यास कोणी सांगितले नव्हते.

जानेवारीत शाळाबाह्य मुलांची मोजणी आली. स्वखुशीने गेलो असे म्हणत नाही. वरून हुकूम होता. कागद घेऊन भट्टीवर गेलो, तर हा मुलगा ओल्या विटांच्या ओळींमध्ये उभा, हातात कोळसा, आणि एका फुटक्या कौलावर रेघा मारलेल्या. आम्ही विचारले, हे काय? म्हणाला, "बाबाचा हिशेब, गुरुजी. एका वळीत पंचवीस, अशा बेचाळीस वळी. मुकादम हजारच लिवतो. वरच्या पन्नास तुटीच्या म्हणतो."

"रोज?"

"रोज. सहा दिसांच्या तीनशे गेल्या."

आमच्यातला मास्तर जागा झाला. आम्ही विचारले, "मग अशा फुकट गेलेल्या विटा हजार व्हावयास किती दिवस लागतील?" त्याने कौलाकडे पाहिले नाही, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "वीस."

हाच तो भागाकार, जो त्यास येत नव्हता. आमच्या हातातील कागदावर त्याच्यासाठी एकच चौकट होती: स्थलांतरित. ती आम्ही भरली व परत आलो. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. बापाने दुसऱ्या कोणाकडून उचल घेतली, बिऱ्हाड रायगडच्या बाजूस गेले, असे वाडीवर कळले. हे विचारावयास आम्ही गेलो ते ऑगस्टात. जूनमध्ये गेलो असतो तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. ऑगस्टात गेलो, एवढे सांगता येते.

ही हकीकत एवढ्यासाठी सांगितली की, आम्ही विद्यालयात असताना एक प्रसिद्ध प्रयोग पाठ केला होता, त्यावर परीक्षेत प्रश्नही सोडविला होता, आणि तो आमच्याच वर्गात घडत असताना आम्हांस ओळखता आला नाही. १९६८ साली अमेरिकेत रोझेन्थाल व जेकबसन या दोघांनी तो पुस्तकरूपाने छापला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूच्या एका शाळेत त्यांनी मुलांची परीक्षा घेतली आणि शिक्षकांस सांगितले की, अमुक अमुक मुले यंदा झपाट्याने पुढे येणार आहेत. खरे पाहता ती नावे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी कशीही निवडली होती. वर्षाअखेर पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा पहिली-दुसरीतील ती 'नेमलेली' मुले खरोखरच इतरांहून पुढे गेलेली आढळली. शिक्षकाने आशा धरली म्हणून मूल वाढले, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि जगभरच्या अध्यापक विद्यालयांत तो शिकविला जाऊ लागला.

आता प्रश्न असा की, हे जुने संशोधन आज टिकते काय? येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. जसेच्या तसे टिकत नाही. वरच्या इयत्तांत तो परिणाम तेव्हाही धडपणे दिसला नव्हता, आणि त्यांच्या परीक्षेच्या पद्धतीवर विद्वानांनी कडक टीका केली. पुढे अशा प्रयोगांचा ढीग पडला. त्या सर्वांची बेरीज करून १९८४ साली रॉडेनबुश या संशोधकाने एक फार मोलाची गोष्ट दाखविली. शिक्षकाची मुलांशी दोन आठवड्यांची ओळख झाल्यानंतर अशी खोटी माहिती त्यास दिली, तर तिचा परिणाम जवळजवळ होतच नाही. ओळख नसताना दिली तर होतो. २००५ साली जसिम व हार्बर यांनी पस्तीस वर्षांचे संशोधन पुन्हा चाळले. त्यांचे म्हणणे, शिक्षकाच्या समजुतीचा परिणाम सरसकट पाहता लहान असतो. पण ज्यांस समाज आधीच हिणवतो, त्या मुलांच्या बाबतीत तो मोठा असू शकतो.

बंधूंनो, आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट फिरून पुण्याच्या जोतीरावांपाशी आली होती. शेरा वाईट खराच. पण शेऱ्यास बळ येते ते अंतरामुळे. मूल ज्यास ठाऊक आहे, त्यास शेरा फसवू शकत नाही. त्या भट्टीवरच्या मुलास आम्ही दोन आठवडे जरी खरोखर ओळखले असते, तर 'अप्रगत' हा शब्द आमच्या हातून लिहिला गेला नसता.

नजरेचे ओझे मूल स्वतःही वाहते, हे आपल्याच देशात दिसून आले आहे. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांस वाट शोधण्याची कोडी सोडवावयास दिली. त्याचे निष्कर्ष २००६ साली छापले गेले. जात कोणी उच्चारली नाही, तेव्हा वरच्या व खालच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत फरक पडला नाही. मग सर्वांदेखत नाव, गाव, जात वाचून दाखविली. त्याबरोबर खालच्या म्हटलेल्या मुलांनी सोडविलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाली. मुले तीच, कोडी तशीच. आमच्या वर्गात शिष्यवृत्तीचे कागद भरताना 'अमक्या जातीच्या मुलांनी उभे राहा' असे सांगितले जाते. आम्हीही सांगितले आहे. कागद भरला पाहिजे, शिष्यवृत्ती मिळाली पाहिजे. पण तो मधल्या सुटीत एकेकास बोलावून भरता येतो. त्यास पाच मिनिटे जास्त लागतात.

आता जे सांगतो ते आमच्या लोकांस कडू लागेल. हॅना व लिंडेन या दोघांनी २०१२ साली एक अभ्यास छापला. भारतातील एका शहरात मुलांच्या परीक्षेचे कागद तपासावयास शिक्षकांस दिले. प्रत्येक कागदावर मुलाची जात लिहिलेली, पण ती खरी नसून कशीही लावलेली. ज्या कागदांवर खालची जात होती त्यांस किंचित कमी गुण पडले. अंतर लहान होते. पण गुण कापणारे शिक्षक कोण? वरच्या जातीच्या शिक्षकांत तो कल आढळला नाही. जो आढळला तो खालच्या म्हटलेल्या जातींतील शिक्षकांत. एका शहरातील एका अभ्यासावरून सगळ्यांस दोष देता येत नाही, आणि कोणी याचा उपयोग राखीव जागांविरुद्ध करू पाहील तर त्यास आम्ही सरळ विरोध करू. आमचे शिक्षक शाळांत आले नसते, तर आमची कित्येक मुले शाळेच्या पायरीपर्यंतही आली नसती. तथापि घरचा आरसा म्हणून तो अभ्यास आम्ही जवळ ठेवतो. वर चढलेला माणूस शिडीकडे कसा पाहतो, ते त्यात दिसते.

जोतीरावांचे चुकले, असा याचा अर्थ नाही. त्यांनी सांगितलेले दुखणे आजही तेच आहे. कारण मात्र जातीच्या घरातून निघून खुर्चीत, पगारात, शहराच्या भाड्याच्या खोलीत आणि शुद्ध भाषेच्या अभिमानात पसरले आहे. जातही गेलेली नाही. ती यांच्या आड उभी आहे. आणि त्यांचे औषध आम्ही अर्धेच घेतले. शिक्षक शेतकऱ्याच्या घरचा असावा, हे ऐकले. त्यास नांगराची आणि वाकसीची लाज वाटू नये, हे पुढचे वाक्य गिळून टाकले.

वाकसीवरून आठवले. अंबरनाथचे शिवालय आपण सर्वांनी पाहिले आहे. वालधुनीच्या काठी शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० सालचे. शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. पण त्या दगडावर वेल, मूर्ती, हत्ती काढणारा पाथरवट भूमिती कोठे शिकला, असे सहलीला नेलेल्या मुलांस आम्ही कधी विचारले नाही. उल्हासनगरात लाकडी सामान करणारे व कपडे बेतणारे कारागीर येथे बसले आहेत. कापडाचा तागा समोर टाकला की किती विजारी निघतील आणि किती कातरण उरेल, हे ते डोळ्याने सांगतात. त्यांचा मुलगा वर्गात क्षेत्रफळात नापास होतो. यात चूक कोणाची, ते आपण ठरवा. आमचे ठरले आहे.

आणि उल्हासनगरची आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, सुमारे लाखभर. १९४९ च्या ऑगस्टात त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पांचे आकडे मात्र आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्या निर्वासित मुलांस शिकविणारे कोण? निर्वासितच. घर दोघांचेही गेलेले, रेशनच्या रांगेत दोघेही उभे. अशा गुरुजीस मुलाचे घर कसे आहे, हे कळण्यास कोणत्या मोजणीचा कागद लागतो?

शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य रोज बोलले जाते: "काय करणार, पालकांनाच शिक्षणाची आवड नाही." हेही जुनेच आहे, जोतीरावांच्या काळी कुळवाड्यांविषयी हेच बोलत. १९९९ साली 'प्रोब' या नावाने प्रसिद्ध झालेल्या पाहणीने ते तपासून पाहिले. उत्तरेकडील मागासलेल्या राज्यांतील खेड्यांत आईबापांस विचारले, तर शंभरातील अठ्ठ्याण्णवांनी मुलग्यास शिकविणे आवश्यक म्हटले आणि एकोणनव्वदांनी मुलीस. मग आवड नाही असे शिक्षकांस का दिसते? आई भट्टीवर असते, बाप दुसऱ्या पाळीत असतो, सभेस येत नाहीत. आणि आले तर खुर्च्या पुढच्यांनी भरलेल्या, ते भिंतीशी उभे. न येणे आम्हांस दिसते. भिंतीशी उभे राहणे दिसत नाही.

यावर शिक्षकांची बाजू आहे, ती दोन वाक्यांत सांगतो. निवडणूक, जनगणना, आहाराचे दप्तर, मोबाईलवर भरावयाची माहिती, यांत दिवस जातो. आणि नव्या शिक्षणसेवकास पहिली काही वर्षे मानधनावर काढावी लागतात. हे सर्व खरे आहे. मुलाच्या 'पानी'ला हसण्यास मात्र कोणाचा हुकूम आलेला नव्हता.

आता आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते कायद्याने आहे. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेली सक्ती देशास मिळाली ती १ एप्रिल २०१० रोजी, एकशेअठ्ठावीस वर्षांनी. त्या शिक्षणहक्काच्या कायद्यात लिहिले आहे की, शाळा व्यवस्थापन समितीत चारांतील तीन सभासद पालक असावे आणि निम्म्या बाया असाव्यात. दुर्बल घटकांच्या पालकांसही त्यात वाटा असावा. मुलास मारणे तर नाहीच, पण त्याच्या मनास छळणेही त्यात मना केले आहे. 'ढ', 'दगड', 'भट्टीवाला' ही नावे त्यातच येतात. पण समितीचे कागद सहीसाठी घरी येतात आणि आपण सही करून देता. यापुढे देऊ नका. बैठक केव्हा आहे, एवढे विचारा. ती तुमच्या सुटीच्या दिवशी वा रात्री ठेवावयास लावा. कातकरी वाडीवरची एक बाई समितीत असल्याशिवाय समिती पुरी झाली, असे मानू नका. आणि आपल्या मुलाच्या नावापुढे काही शेरा लिहिला असेल तर गुरुजींस शांतपणे विचारा: "हे तुम्हांला कसे कळले?" आम्हांस कोणी विचारले असते, तर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

भट्टीवरच्या मुलांसाठी शाळाच भट्टीवर नेता येते, हे ठाणे जिल्ह्याने आधीच करून दाखविले आहे. विधायक संसदेने १९९० नंतरच्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर विटा रचून उभारलेली मजुरांची झोपडी. शाळा तिच्यातच भरे. तेव्हा हे व्हावयाचे नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

आम्ही या वर्षापासून एक गोष्ट आरंभिली आहे. जूनचे पहिले दोन आठवडे कोणत्याही मुलाच्या नावापुढे काही लिहीत नाही. त्या पंधरवड्यात रोज एका घरी जातो आणि मुलास येते काय, एवढेच विचारतो. येत नाही ते विचारीत नाही. वहीत आतापर्यंत लिहून झाले आहे: एकीस सात प्रकारच्या रानभाज्या ओळखता येतात, एकास बापाबरोबर वेल्डिंगच्या दुकानात गजाचे माप घेता येते, एकास ढोल वाजविता येतो व ताल मोजता येतो. पाच घरे राहिली आहेत. तिन्ही वेळा गेलो तेव्हा तेथे कुलूप होते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही ओढ्यापलीकडच्या भट्ट्यांवर जाणार आहोत. मोजणीचा कागद बरोबर नाही. नावांची एक वही, खडू आणि पाटी आहे. समितीतल्या दोन बाया येतो म्हणाल्या आहेत. आणखी ज्यांस यावयाचे असेल त्यांनी शाळेच्या पायरीशी उभे राहावे. दुचाकी नेणार नाही, वाट चालण्याची आहे. पाणी ज्याचे त्याने घ्यावे.